पेरणीआधीची मशागत : निरोगी गरोदरपणाची तयारी



मागच्या वर्षी आमच्या शाळेत माता-पालक सभा होती. विषय होता मुलांचा डबा. सभा संपली, सगळ्या आया घरी गेल्या, पण पहिलीतल्या एका मुलाची आई मागे थांबली. हळूच म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय. मागच्या वेळी माझं रक्त फार कमी होतं, बाळही कमी वजनाचं झालं. या वेळी आधीपासून काय करू?"

तिचा 'आधीपासून' हा शब्द माझ्या मनात राहिला. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. म्हणून आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, थोडं वाचन केलं. त्यातून जे समजलं ते आज साध्या भाषेत मांडत आहे.

पहिले २८ दिवस

आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. गरोदर बाईचं कौतुक होतं, तिच्या आवडीचं खाऊ घालतात. छानच आहे. पण बाळाच्या शरीराचा पाया त्याच्या कितीतरी आधी घातला गेलेला असतो.

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. आता हिशोब करून बघा. गर्भधारणा झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी चुकते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन तपासणी करेपर्यंत आणखी आठ-दहा दिवस जातात. म्हणजे बाईला 'दिवस गेलेत' हे कळतं तेव्हा हे काम जवळजवळ संपत आलेलं असतं! ही नळी नीट बंद झाली नाही तर बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत जन्मतःच दोष राहतो.

हा धोका बऱ्याच प्रमाणात कमी करणारं जीवनसत्त्व म्हणजे फॉलिक ॲसिड. म्हणून मूल हवं असं ठरवल्यावर, गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून (तीन महिने आधी सुरू केलं तर उत्तमच) ते पहिले तीन महिने होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात. आधीच्या बाळात असा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

काही जणी म्हणतात, "आम्हाला सगळं नैसर्गिक पाहिजे, गोळी नको." पालक, मेथी, चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे, संत्री यांत हे जीवनसत्त्व असतंच आणि ते खायलाच हवं. पण भाजी फार शिजवली, पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंचसं निघून जातं. त्यामुळे ताटही हवं आणि गोळीही हवी.

रक्त आधी भरा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त! गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्तक्षय समजतात. गरोदरपणात रक्ताची गरज आणखी वाढते. आधीच रिकामं असलेलं मडकं तेव्हा भरायला घेतलं तर धावपळ होते. कमी वजनाचं बाळ, वेळेआधी प्रसूती, प्रसूतीत जीवाला धोका हे सगळं त्यातूनच येतं.

घरात करता येण्यासारखं :

१. बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळ-उसळ रोज. चालत असेल तर मटण, मासे, अंडी.
२. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा खा. 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.
३. जेवणासोबत आणि जेवणानंतर लगेच चहा नको. किमान एक तासाचं अंतर ठेवा.
४. भाजी लोखंडी कढईत करा.
५. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय सोडा. ही गोष्ट घरातल्यांनीही मनावर घ्यायची आहे.

हिमोग्लोबिन बरंच कमी असेल तर नुसत्या आहारावर थांबू नका, लोहाच्या गोळ्या लागतातच.

आधी करायच्या तपासण्या

हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि सिकलसेल-थॅलेसेमिया याबद्दल डॉक्टरांशी बोला. साखर वाढलेली असताना गर्भ राहिला तर बाळात दोष राहण्याचा धोका वाढतो, म्हणून ती आधीच आटोक्यात आणायची. रुबेलाची लस झालेली नसेल तर आधी घ्यावी, आणि त्यानंतर एक महिना गर्भ राहू देऊ नये. एखादं औषध रोज चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. वजन फार कमी किंवा फार जास्त असेल तर रोजचं चालणं आणि वेळेवर जेवण इथून सुरुवात करा.

आणि मिश्री! आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि ते व्यसन आहे असं कुणाला वाटतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यामुळे बाळाचं वजन कमी भरतं. ती आधीच सोडायला हवी.

बीजप्रक्रियाही हवी

शेतकरी पेरणीआधी नुसती जमीन नांगरत नाही, बियाण्यालाही बीजप्रक्रिया करतो. मग मूल होण्याची सगळी तयारी एकट्या बाईनेच का करायची? पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज सोडलेल्या गुटखा, सिगारेट, दारूचा फायदा दोन-तीन महिन्यांनी दिसतो. नवऱ्यानेही तेवढे दिवस आधीच तयारीला लागावं.

दिवस आणि धीर

पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडतं. ते जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणून त्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस गर्भधारणेसाठी योग्य. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही (बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने), तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावं. दोष दोघांपैकी कुणातही असू शकतो. आधीचं बाळंतपण झालं असेल तर पुन्हा गर्भ राहण्याआधी किमान दोन वर्षांचं अंतर ठेवावं, म्हणजे शरीराची झीज भरून निघते.

मुलगाच व्हावा म्हणून कुणी पुडी दिली तर घेऊ नका. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, पुडीने ते बदलत नाही.

हा विषय शाळेचा कसा?

शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी देतात. लहानांना गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. त्यात लोहासोबत फॉलिक ॲसिडही असतं. खरं सांगते, मी आधी ती गोळी नोंदवहीचं काम म्हणून वाटायचे. मुली ती खिडकीबाहेर टाकतात हे माहीत असूनही दुर्लक्ष करायचे. आता जेवणानंतर माझ्यासमोर घ्यायला लावते आणि ती कशासाठी आहे हेही सांगते. पोट रिकामं असेल तर मळमळतं, म्हणून जेवण आधी. जंतनाशक गोळीचंही तसंच, जंत रक्त कमी करतात.

आज पाचवी-सहावीत असलेली मुलगी दहा-पंधरा वर्षांनी आई होईल. तिची मशागत आपल्याच वर्गात चालू आहे.

त्या आईला मी एवढंच सांगितलं, "आधी रक्त तपासून घे, फॉलिक ॲसिडची गोळी सुरू कर, आणि दवाखान्यात नवऱ्याला सोबत ने." तुमच्या पुढच्या माता-पालक सभेत डब्यासोबत हाही विषय घ्या. आणि जमलं तर त्या सभेला वडिलांनाही बोलवा.