साखळीतील सहावा मणी : हिमोग्लोबिन आणि सिकलसेल

सजीवांचे शरीर प्रामुख्याने कर्बोदके, मेद, प्रथिने आणि केंद्रकाम्ले या चार प्रकारच्या जैविक द्रव्यांनी घडलेले असते. शालेय पुस्तकात हा भाग पाठांतरापुरता वाटतो आणि परीक्षा संपली की विसरला जातो. इतिहासाच्या शिक्षकाने रसायनशास्त्राच्या या प्रकरणाकडे वळावे, याला एक कारण आहे. एका प्रथिनातील एका लहानशा बदलाने विदर्भातील अनेक कुटुंबांचा सुखदुःखाचा इतिहास घडविला आहे. ते प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन आणि तो आजार म्हणजे सिकलसेल. या आजाराविषयी आपल्याकडे भीती पुष्कळ आहे, माहिती मात्र तोकडी आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ होय. या माळेत 20 प्रकारचे मणी वापरले जातात. ते कोणत्या क्रमाने ओवले आहेत, यावर माळ कशी दुमडेल हे ठरते. आणि ती कशी दुमडली, यावर तिचे कार्य ठरते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा चार माळा एकत्र आलेल्या असतात. त्यांपैकी दोन अल्फा माळांत प्रत्येकी 141, तर दोन बीटा माळांत प्रत्येकी 146 मणी असतात. एकूण मणी 574. प्रत्येक माळेच्या कुशीत लोहाचा एक अणू असतो आणि तोच प्राणवायूला धरून ठेवतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे 27 कोटी रेणू असतात. निरोगी तांबडी पेशी लवचिक असल्यामुळे स्वतःपेक्षा अरुंद रक्तवाहिनीतूनही ती सहज वाट काढते.

सिकलसेलमध्ये बीटा माळेतील केवळ सहावा मणी बदललेला असतो. तेथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलीनवर भार नसतो आणि ते पाण्यापासून दूर राहू पाहते. रेणूने प्राणवायू धरलेला असेपर्यंत या बदलाने फारसे बिघडत नाही. परंतु प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित पालटतो, आणि एका रेणूवरील व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील खाचेत जाऊन बसते. त्याला तिसरा रेणू जोडला जातो, मग चौथा. अशा रीतीने पेशीच्या आत ताठर दोर तयार होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हातपाय, पाठ आणि छाती यांत उठणाऱ्या तीव्र वेदनांचे मूळ येथे आहे. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी राहते.

हा मणी बदलतो कसा? माळ ओवण्याची सूचना डीएनए या केंद्रकाम्लात लिहिलेली असते. तेथे जीएजी या तीन अक्षरांऐवजी जीटीजी असे लिहिले गेलेले असते. एवढ्या मोठ्या ग्रंथातील एका अक्षराचा हा फरक आहे.

हे समजून घ्यायला विज्ञानाला जवळजवळ अर्धे शतक लागले. 1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर अमेरिकेत कित्येक वर्षे या आजाराकडे ‘काळ्या रक्ताचा’ आजार म्हणून पाहिले गेले. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व रुग्ण व्यक्तींचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकली. दोष रेणूतच आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. पुढे 1957 साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी बदललेला नेमका मणी शोधून काढला. दरम्यान 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये हेच हिमोग्लोबिन आढळले होते. 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की, ज्याला हा बदल आईवडिलांपैकी एकाकडूनच मिळाला आहे, अशा वाहकाला तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे या आजाराचे नाते त्वचेच्या रंगाशी नसून हिवतापाच्या प्रदेशांशी आहे. जंगलाच्या आणि दलदलीच्या मुलखात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले, त्यांच्यात हा बदल टिकून राहिला.

आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि तिकडे नंदुरबार या भागांत, विशेषतः आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत, सिकलसेल अधिक आढळतो. यात त्या समाजांचा दोष नाही. मात्र येथे इतिहासाचा एक धागा जोडला जातो. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मर्म गटांतर्गत विवाहात आहे, असे प्रतिपादन केले होते. आनुवंशशास्त्र सांगते की, विवाह लहान वर्तुळातच होत राहिले, तर दोन्ही जोडीदार एकाच बदलाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. जातीने आखलेली कुंपणे अशी रक्तातही दिसतात.

आता पालकांनी आणि तरुण माजी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. ती रुग्ण नव्हे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची 25 टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी गणित नव्याने मांडले जाते. तसेच रुग्ण मुलाला हा बदल आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेला असतो. म्हणून केवळ सुनेला बोल लावणे, किंवा फक्त मुलीचीच तपासणी मागणे, हे अन्यायाचे आणि अज्ञानाचे लक्षण आहे.

तपासणी आयुष्यात एकदाच, पण पूर्ण करावी. सोल्युबिलिटी चाचणीत वाहक व रुग्ण या दोघांचेही नमुने गढूळ होतात. त्यांतील भेद इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनेच कळतो. यांतील इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे पॉलिंग यांनी 1949 साली वापरलेलीच पद्धत होय. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याचा लाभ प्रत्येक कुटुंबाने घ्यावा. वाहकांनी लग्नाआधी एकमेकांना निकाल सांगावा. यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. लपवाछपवीची किंमत मात्र पुढच्या पिढीला मोजावी लागते.

रुग्ण मुलांसाठी उपचार आहेत. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि वेदनांचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, अतिश्रम टाळणे आणि ताप येताच दवाखाना, ही पथ्ये वसतिगृहातही पाळता येतात. त्यासाठी पालकांनी प्रवेशाच्या वेळीच मुलाच्या आजाराची माहिती द्यावी. आणि अंग दुखते म्हणून कवायतीला न आलेल्या मुलाला कामचुकार ठरविण्यापूर्वी आम्हा शिक्षकांनीही त्याच्या रक्ताचा अहवाल एकदा पाहावा.