दीर्घिकांचा नकाशा आणि अदृश्य द्रव्य

आकाशासंबंधीचा पाठ घेताना कृष्णद्रव्याचा उल्लेख आला, की एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच : "जे दिसत नाही ते आहे, हे कशावरून?" 'शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून' हे उत्तर शिक्षकास शोभत नाही.

युरोपीय अवकाश संस्थेची 'युक्लिड' ही दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी अवकाशात सोडण्यात आली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवरून ती फेब्रुवारी २०२४ पासून आकाशाची पद्धतशीर पाहणी करीत आहे. सहा वर्षांत सुमारे एकतृतीयांश आकाश पाहून दीडशे कोटींच्या आसपास दीर्घिकांचे आकार नोंदवावेत, अशी योजना आहे. तिचा आरसा अवघा १.२ मीटर व्यासाचा. याहून कितीतरी मोठ्या दुर्बिणी जमिनीवर आहेत; परंतु वातावरणाच्या हालचालीमुळे त्यांतील प्रतिमा किंचित पुसट होते, आणि येथे तर आकारातील अत्यल्प फरकच मोजावयाचा आहे.

हा फरक पडतो कसा? द्रव्याजवळून जाताना प्रकाशाचा मार्ग वळतो. ते द्रव्य दिसो वा न दिसो, त्याच्या मागील दीर्घिकेची प्रतिमा त्यामुळे ताणली जाते. क्वचित हा परिणाम फार ठळक असतो. सुमारे ५९ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली एक दीर्घिका १८८४ पासून ठाऊक होती. तिच्याभोवती तिच्या मागील दुसऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशाचे पूर्ण कडे आहे, हे मात्र युक्लिडच्या छायाचित्रांवरून २०२५ मध्ये जाहीर झाले. एरवी हा ताण इतका सूक्ष्म असतो, की एकाच दीर्घिकेवरून काहीही ठरविता येत नाही. कारण दीर्घिका मुळातच निरनिराळ्या आकारांच्या असतात. माळावरील एखादी बाभूळ वाकडी असली तर ती तशीच वाढली असेल. पण सगळ्याच बाभळी पूर्वेकडे कललेल्या असतील तर वाऱ्याची दिशा कळते. वारा कोणास दिसतो?

वर्गात हे करून दाखवावे. चाळीस मुलांपैकी प्रत्येकास भाताचे दहा दाणे द्यावेत व ते पाटीवर टाकण्यास सांगावे. पाटीच्या लांबीकडे अधिक कललेला दाणा 'उभा', बाकीचे 'आडवे'. एखाद्या पाटीवर सात उभे तर दुसरीवर तीन, असे सहज होईल. परंतु सर्व वर्गाची बेरीज दोनशेच्या आसपासच येईल. मग दाणे पुन्हा टाकून प्रत्येकाने एक आडवा दाणा उभा करावा. आता कोणतीही एक पाटी पाहून ही फिरवाफिरव ओळखता येणार नाही. बेरीज मात्र दोनशेचाळीसच्या जवळ जाईल. हा प्रयोग घाईने उरकू नये. बेरीज मुलांनीच फळ्यावर मांडावी. दीडशे कोटी दीर्घिका कशाला हव्यात, हे तेथे कळते.

आणखी एक सूचना. कृष्णद्रव्य म्हणजे कृष्णविवर नव्हे. त्याचा गुरुत्वीय परिणाम मोजता येतो. ते कशाचे बनले आहे हे अद्याप कोणासही सापडलेले नाही. विद्यार्थ्यांस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगाव्यात.