शेताची आखणी आणि मोजणी : काटकोन त्रिकोणाचा वापर

फळबागेची लागवड करताना आपण रोपे, खते आणि पाणी यांची काळजी घेतो; परंतु आखणी मात्र पुष्कळदा नजरेच्या अंदाजाने केली जाते. खत कमी पडले तर पुढच्या हंगामात देता येते. चुकीच्या जागी खणलेला खड्डा आणि त्यात वाढलेले झाड मात्र हलविता येत नाही. आंब्यासारखी बाग पुढची कित्येक वर्षे त्याच आखणीवर उभी राहते. तसेच शेताची लांबी-रुंदी चुकीच्या रीतीने गुणली, तर जमिनीच्या व्यवहारात थेट नुकसान होते. या दोन्ही कामांत शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण उपयोगी पडतो.

काटकोन त्रिकोण म्हणजे काय?

ज्या त्रिकोणाचा एक कोन ९० अंशांचा असतो, तो काटकोन त्रिकोण होय. काटकोन करणाऱ्या दोन बाजूंना पाया व लंब म्हणतात. काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. ती तिन्हींत सर्वांत मोठी असते. उरलेल्या दोन कोनांची बेरीज ९० अंश भरते. दोन सूत्रे लक्षात ठेवावीत :

(१) कर्णाचा वर्ग = पायाचा वर्ग + लंबाचा वर्ग
(२) क्षेत्रफळ = पाया × लंब ÷ २

पहिले सूत्र आपल्याकडे फार जुने आहे. यज्ञवेदींच्या आखणीसाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात ते दोरीच्या भाषेत सांगितले आहे. शुल्ब म्हणजेच दोरी. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील 'लीलावती' ग्रंथातही भुज, कोटी व कर्ण यांची गणिते आहेत.

दोराने काटकोन काढणे

ज्या त्रिकोणाच्या बाजू ३, ४ व ५ या प्रमाणात असतात, त्याचा एक कोन नेमका काटकोन असतो. कारण ९ + १६ = २५. यासाठी १२ मी. लांबीचा दोर घ्यावा. एका टोकापासून ३ मी. व ७ मी. अंतरावर रंगाने खुणा कराव्यात. प्रथम शेताच्या सरळ बांधाला समांतर अशी आधाररेषा दोरी ताणून आखावी. तिच्यावर जेथे काटकोन हवा, तेथे खुंटी ठोकून ३ मी.ची खूण तिच्यावर धरावी. ७ मी.ची खूण आधाररेषेवर ताणून धरावी. मग दोराची दोन्ही टोके एकत्र धरून तिसऱ्या माणसाने दोर सर्व बाजूंनी ताठ होईपर्यंत ओढावा. पहिल्या खुंटीपासून या टोकांकडे जाणारी रेषा आधाररेषेशी काटकोन करते.

मोठ्या शेतात त्रिकोणही मोठा घ्यावा. ४ मी.च्या बाजूवर १० सें.मी. चूक झाली, तर तीच रेषा ८० मी.पर्यंत वाढविल्यावर चूक २ मी. होते. म्हणून शक्य तेथे ९, १२ व १५ मी. बाजू घ्याव्यात. नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणून खुणांची अंतरे मोजपट्टीने तपासून घ्यावीत.

खड्डे घेण्यापूर्वी कर्ण मोजावेत

समजा, ८० मी. × ६० मी. क्षेत्र आखले. चारही बाजू बरोबर भरल्या, म्हणजे आखणी बरोबर झाली असे नाही. बाजू तेवढ्याच राहून आकार तिरपा होऊ शकतो. दोन्ही कर्ण १०० मी. भरले, तरच कोपरे काटकोनात आहेत. एक कर्ण ९५ मी. व दुसरा सुमारे १०४.८ मी. भरला, तर ६० मी. अंतरावरची शेवटची ओळ सुमारे ६ मी. सरकलेली असते. अशा बागेत ओळी बांधाला तिरप्या जातात, टोकाला त्रिकोणी तुकडे वाया जातात आणि ठिबकच्या नळ्या लहान-मोठ्या कापाव्या लागतात.

त्रिकोणी पद्धतीने लागवड करावयाची असेल, तर झाडांतील अंतराला ०.८६६ ने गुणून दोन ओळींतील अंतर काढावे. दोन झाडांत १० मी. अंतर असल्यास ओळींत ८.६६ मी. अंतर येते. मात्र दुसऱ्या ओळीची सुरुवात ५ मी. पुढून करावी. येथेही १० मी. हा कर्ण, ५ मी. पाया आणि ८.६६ मी. लंब असा काटकोन त्रिकोणच असतो. चौरस पद्धतीपेक्षा या पद्धतीत सुमारे १५ टक्के झाडे अधिक बसतात.

वाकड्या शेताचे क्षेत्रफळ

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्यांचा गुणाकार करण्याची पद्धत गावोगाव वापरली जाते. चार सरळ बांधांचे शेत काटकोनी नसेल, तर या पद्धतीने क्षेत्र नेहमी जास्तच येते. एक उदाहरण पाहू.

अ, ब, क, ड या चार कोपऱ्यांच्या शेताच्या बाजू अशा आहेत : अब ५० मी., बक ८५ मी., कड १०० मी. व डअ ६५ मी. सरासरीच्या पद्धतीने ७५ × ७५ = ५,६२५ चौ.मी. क्षेत्र येते.

आता अ ते क कर्ण मोजावा. तो १०५ मी. भरला. मोजपट्टीचे शून्य टोक ब कोपऱ्यावर धरून दुसरी बाजू कर्णावर मागेपुढे फिरवावी. जेथे अंतर सर्वांत कमी भरते, तोच लंब. ब पासूनचा लंब ४० मी. व ड पासूनचा लंब ६० मी. भरला.

क्षेत्रफळ = १०५ × (४० + ६०) ÷ २ = ५,२५० चौ.मी.

म्हणजे फरक ३७५ चौ.मी.चा, सुमारे पावणेचार गुंठ्यांचा पडला. विकत घेणाऱ्याने नसलेल्या जमिनीचे पैसे मोजले, असाच याचा अर्थ. भावाभावांच्या वाटणीत, एकरी दराने केलेल्या नांगरटीत किंवा खताची मात्रा ठरविताना हीच चूक होते. एक आर म्हणजे १०० चौ.मी. आणि एक गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, सुमारे १०१.१७ चौ.मी., हे ध्यानात ठेवावे.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

• काटकोनासाठी बाजू ३, ४ व ५ च्या प्रमाणात घ्याव्यात. त्रिकोण शक्य तेवढा मोठा असावा.
• दोन्ही कर्ण सारखे भरल्याशिवाय खड्डे घेऊ नयेत. वर्गमूळ मोबाईलमधील गणकयंत्रावर काढता येते.
• वाकड्या शेताचे त्रिकोण पाडूनच क्षेत्र काढावे.
• ही मोजणी स्वतःच्या माहितीसाठी आहे. हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख विभागाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी.