सर्व्हरची कार्यप्रणाली : जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती

ग्रामपंचायतीत घराचा उतारा मागण्यास आलेला शेतकरी, शाळेत दाखल्याची प्रत मागणारा विद्यार्थी किंवा तालुक्याच्या कार्यालयात आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारणारी वृद्धा, या तिघांनाही खिडकीपलीकडचा कर्मचारी आणि त्याच्यासमोरचा संगणक एवढेच दिसते. त्या संगणकाच्या पडद्यावर उमटणारी माहिती मात्र पुष्कळदा त्या संगणकात नसते. कार्यालयाच्या आतल्या खोलीत किंवा दूरच्या एखाद्या माहिती केंद्रात अहोरात्र चालू असलेल्या दुसऱ्या एका यंत्रातून ती येत असते. या यंत्राला सर्व्हर म्हणतात. पूर्वी दप्तरखान्याला जे महत्त्व होते, तेच आज सर्व्हरला आहे.

दप्तरखान्याच्या इमारतीची डागडुजी, कुलपांची तपासणी, वाळवीचा बंदोबस्त या गोष्टींकडे लक्ष देणे हे प्रशासनाचे नेहमीचे काम होते. सर्व्हरच्या बाबतीत मात्र तितकी जागरूकता दिसत नाही. ‘चालतो आहे ना, मग त्याला हात कशाला लावायचा?’ असा विचार सर्रास केला जातो. हा विचार कितपत सुरक्षित आहे, हे समजून घ्यायचे असेल तर सर्व्हरच्या कार्यप्रणालीच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांत नेमका कोणता फरक असतो, हे पाहिले पाहिजे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

संगणक हे नुसते यंत्र आहे. त्याची स्मृती, हार्ड डिस्क, जाळ्याशी असलेली जोडणी आणि त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम यांचा मेळ घालणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. घरच्या संगणकाची कार्यप्रणाली एका माणसाची सेवा करते. सर्व्हरची कार्यप्रणाली एकाच वेळी शेकडो जणांची सेवा करते. कोणी आत यावे, कोणी कोणती फाईल पाहावी, कोणी ती बदलावी, याचा निवाडा तीच करते. म्हणून ती एकाच वेळी दप्तरखान्याची कारकूनही असते आणि पहारेकरीही.

अशा कार्यप्रणाली अनेक आहेत. कार्यालयांच्या परिचयाची म्हणून मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीच्या विंडोज सर्व्हरचे उदाहरण येथे घेतले आहे. या मालिकेचा प्रारंभ १९९३ मध्ये विंडोज एनटीच्या सर्व्हर आवृत्तीने झाला. पुढे विंडोज २००० सर्व्हर आणि त्यानंतर २००३, २००८, २०१२, २०१६, २०१९, २०२२ व २०२५ अशी नावे धारण केलेल्या आवृत्त्या आल्या. शिवाय काहींच्या मधल्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. नावातील साल आणि प्रकाशनाचे साल नेहमी एकच असते असे नाही. २०१९ ही आवृत्ती २०१८ मध्ये, २०२२ ही २०२१ मध्ये आणि २०२५ ही २०२४ मध्ये बाहेर पडली.

क्षमतेतील फरक

पहिला फरक यंत्राच्या ताकदीचा. जुन्या आवृत्त्या प्रामुख्याने ३२ बिटांच्या होत्या. ३२ बिटांत मांडता येणाऱ्या पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटी असल्याने अशा प्रणालीला साधारणपणे ४ गिगाबाईटपर्यंतचीच स्मृती सरळपणे वापरता येई. २००८ ही ३२ बिटांत मिळणारी शेवटची आवृत्ती ठरली. २००९ मध्ये आलेली तिची सुधारित आवृत्ती, म्हणजे २००८ आर-टू, केवळ ६४ बिटांची होती. २०१२ च्या सर्वसाधारण प्रकारात स्मृतीची कमाल मर्यादा ४ टेराबाईट, म्हणजे पूर्वीच्या हजार पटींवर गेली.

दुसरा फरक यंत्रांच्या वापराचा. पूर्वी टपालासाठी एक, लेख्यांसाठी एक, फाईलींसाठी एक असे स्वतंत्र सर्व्हर ठेवावे लागत, आणि त्यांतील प्रत्येकाची बरीचशी शक्ती वाया जाई. २००८ च्या आवृत्तीबरोबर हायपर-व्ही ही सोय आली. तिच्यामुळे एकाच यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालविता येऊ लागले. एका मोठ्या वाड्यात स्वतंत्र दारे व स्वतंत्र कुलपे असलेली बिऱ्हाडे थाटावीत, तसा हा प्रकार आहे. २०१६ पासून कंटेनर या नावाने आणखी आटोपशीर विभागणी करण्याची सोयही मिळाली.

उघडी दारे आणि बंद दारे

याहून महत्त्वाचा फरक सुरक्षिततेचा आहे, आणि तो एका धड्यातून आला आहे. विंडोज २००० सर्व्हर बसविला की संकेतस्थळे चालविणारा त्याचा विभाग आपोआप सुरू होई. मालकाला त्याची गरज असो वा नसो, दार उघडेच राही. त्या विभागातील एक दोष उघडकीस आल्यावर कंपनीने १८ जून २००१ रोजी त्याची दुरुस्ती प्रसिद्ध केली. परंतु असंख्य ठिकाणी ती बसविलीच गेली नाही. महिन्याभरात, १९ जुलै २००१ रोजी, कोड रेड नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने १४ तासांहून कमी वेळात सुमारे ३ लाख ५९ हजार संगणकांत प्रवेश केला. आपल्या यंत्रात असा विभाग चालू आहे, हे त्यांतील अनेकांच्या मालकांना ठाऊकही नव्हते.

त्यानंतर धोरण बदलले. जानेवारी २००२ मध्ये कंपनीचे प्रमुख बिल गेट्स यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात सुरक्षिततेला नव्या सोयींहून अग्रस्थान देण्याचे सांगितले. २००३ च्या आवृत्तीत संकेतस्थळाचा विभाग मुळातच बंद ठेवण्यात आला. २००८ पासून जाळ्यावरून येणाऱ्या अनाहूतांना अडविणारी फायरवॉल प्रारंभापासूनच चालू स्थितीत मिळू लागली. त्याच आवृत्तीत सर्व्हर कोअर हा प्रकार आला. त्यात नेहमीची चित्रमय सजावट वगळून आवश्यक तेवढेच भाग बसविले जातात. जेवढी दारे कमी, तेवढा पहारा सोपा, हे त्यामागील तत्त्व आहे. २०१२ मध्ये जाळ्यावरून जाणाऱ्या फाईली सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय झाली. २०१६ मध्ये विषाणूरोधक संरक्षण अंगभूत झाले. २०१९ मध्ये फाईलींच्या देवाणघेवाणीची सर्वांत जुनी पद्धत, एसएमबी-एक, आपोआप बसविणे बंद झाले. आणि २०२२ मध्ये संदेशवहनाच्या सुरक्षेची टीएलएस १.३ ही पद्धत प्रारंभापासून लागू झाली.

थोडक्यात, जुनी प्रणाली सर्व काही उघडे ठेवून ‘नको ते बंद करा’ असे सांगे. नवी प्रणाली सर्व काही बंद ठेवून ‘हवे तेवढे उघडा’ असे सांगते.

आयुर्मर्यादा : खरा निर्णायक फरक

वरील सर्व फरक महत्त्वाचे असले, तरी सर्वांत निर्णायक फरक पडद्यावर दिसत नाही. कोणतीही कार्यप्रणाली निर्दोष नसते. वापरात आल्यावर वर्षानुवर्षे तिचे दोष सापडत राहतात आणि निर्माती कंपनी त्यांवरील दुरुस्त्या पाठवीत राहते. कार्यालयात यांनाच अपडेट म्हणतात. पण ही सेवा कायमची नसते. विंडोज सर्व्हरच्या बाबतीत साधारणपणे ५ वर्षे पूर्ण आणि पुढील ५ वर्षे मुख्यतः सुरक्षेपुरती, अशी १० वर्षांची मुदत असते. २००३ च्या आवृत्तीची मुदत १४ जुलै २०१५ रोजी, २००८ व तिच्या सुधारित आवृत्तीची १४ जानेवारी २०२० रोजी, तर २०१२ व तिच्या सुधारित आवृत्तीची १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. २०१६ साठी १२ जानेवारी २०२७, २०१९ साठी ९ जानेवारी २०२९ आणि २०२२ साठी १४ ऑक्टोबर २०३१ या तारखा ठरविण्यात आल्या आहेत. मुदतीनंतर काही काळ जादा शुल्क भरून दुरुस्त्या मिळविता येतात. पण ती तात्पुरती सवलत आहे.

मुक्त प्रणालींनाही हा नियम चुकलेला नाही. सेंटओएस या विनामूल्य व लोकप्रिय प्रणालीच्या सातव्या आवृत्तीची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. आठवीची मुदत तर आधी जाहीर झालेल्या २०२९ ऐवजी ३१ डिसेंबर २०२१ रोजीच आटोपती घेण्यात आली. म्हणून मुदतीची तारीख एकदा पाहून विसरता येत नाही.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही सर्व्हर तसाच चालतो. दिवा लागतो, फाईली उघडतात. फसगत होते ती येथेच. दोष शोधणारे थांबत नाहीत. थांबतो तो दुरुस्ती करणारा.

२०१७ सालचे दोन धडे

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक जखडून टाकले. तिने एसएमबी-एक या जुन्या पद्धतीतील दोषाचा फायदा घेतला होता. मुदतीत असलेल्या आवृत्त्यांसाठी त्या दोषाची दुरुस्ती १४ मार्च रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, देण्यात आली होती. मुदतबाह्य २००३ साठी मात्र ती हल्ल्यानंतरच, अपवाद म्हणून, सर्वांना खुली झाली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील किमान एक-तृतीयांश रुग्णालय संस्थांचे कामकाज विस्कळीत झाले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजानुसार रुग्णांच्या १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्या. तेथे बाधित झालेले बहुतेक संगणक मुदतबाह्य नव्हते. त्यांवर मिळालेली दुरुस्ती बसविलेली नव्हती. नवी आवृत्ती घेतली म्हणजे काम संपले, असे होत नाही, हे यातून दिसते.

दुसरी घटना आपल्या दाराशी घडली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या डॅनिश नौवहन समूहाची यंत्रणा ठप्प केली, आणि रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही त्यात अडकले. मर्स्कला सुमारे १० दिवसांत ४ हजार सर्व्हर व ४५ हजार संगणक पुन्हा उभे करावे लागले, असे समूहाच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. सर्व वापरकर्त्यांची ओळख जपणाऱ्या तिच्या मध्यवर्ती सर्व्हरांपैकी एकच प्रत शाबूत राहिली. ती आफ्रिकेतील घाना देशात होती, आणि वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी जाळ्यापासून तुटलेली होती. या आज्ञावलीने चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे दुरुस्त केलेल्या यंत्रांतही प्रवेश केला होता. त्यामुळे अद्ययावत प्रणालीच्या जोडीला जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत किती मोलाची असते, हे जगाला कळले.

स्थलांतर करताना

जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाणे म्हणजे केवळ खरेदी नव्हे. सर्वप्रथम कार्यालयातील प्रत्येक सर्व्हरची आवृत्ती, मुदतीची तारीख, त्यावरील कार्यक्रम आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंदवही तयार करावी. जडवस्तू संग्रहाची नोंदवही सर्वत्र असते. तिच्याशेजारी ही चार रकान्यांची नोंदवही ठेवणे अवघड नाही. त्यानंतर संपूर्ण माहितीची प्रत घ्यावी आणि ती प्रत खरोखर उघडते का, हे दुसऱ्या यंत्रावर पडताळून पाहावे. न पडताळलेली प्रत ही प्रत नव्हेच.

पुढचा प्रश्न जुन्या कार्यक्रमांचा येतो. ३२ बिटांच्या प्रणालीवरून ६४ बिटांच्या प्रणालीवर जागच्या जागी चढता येत नाही. नवा सर्व्हर उभारून त्यावर माहिती न्यावी लागते. काही जुनी स्कॅनर यंत्रे एसएमबी-एक या पद्धतीवाचून फाईल पाठवू शकत नाहीत. अशा वेळी एका यंत्रासाठी ते जुने दार पुन्हा उघडण्याचा मोह टाळून यंत्र बदलणे किंवा पर्यायी मार्ग शोधणे हिताचे असते.

मराठी कार्यालयांपुढे आणखी एक अडचण असते. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीचा आधार विंडोज २००० पासून आला. त्यापूर्वीची, आणि पुष्कळशी त्यानंतरचीही, मराठी कागदपत्रे विशिष्ट फॉन्टांच्या खासगी सांकेतिक पद्धतीत टंकलिखित झालेली आहेत. तो फॉन्ट नव्या सर्व्हरवर किंवा त्याला जोडलेल्या संगणकांवर नसेल, तर गावकऱ्यांची नावे निरर्थक अक्षरांच्या रूपात दिसू लागतात. कार्यप्रणाली बदलल्याने मजकूर आपोआप युनिकोडमध्ये जात नाही. त्याचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे लागते, आणि जोडाक्षरे व रफार यांची पडताळणी मराठी जाणणाऱ्या माणसालाच करावी लागते. हे काम स्थलांतराच्या आधी हाती घेतले तर नोंदी वाचतात.

एवढे करूनही अनिष्ट घटना घडलीच, तर ती लपवू नये. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दल, म्हणजे सर्ट-इन, याच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठराविक स्वरूपाच्या सायबर घटनांची खबर लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत देणे आणि यंत्रणेतील व्यवहारांच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. शासकीय संस्थाही त्यात येतात.

समारोप

सरपंचाने, मुख्याध्यापकाने किंवा कार्यालयप्रमुखाने संगणकतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पुलाची तपासणी अभियंता करतो. पण तपासणी झाली का, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य लोकप्रतिनिधीचे असते. सर्व्हरच्या बाबतीतही तीन प्रश्न विचारणे पुरेसे आहे : आपल्या कार्यप्रणालीची आवृत्ती कोणती? तिला दुरुस्त्या मिळण्याची शेवटची तारीख कोणती? आणि आज हे यंत्र बंद पडले, तर आपली प्रत कोठे आहे?

पुढील मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे तीन प्रश्न घ्यावेत. त्यांची उत्तरे लेखी मिळाली, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा उतारा सुरक्षित आहे, असे म्हणता येईल. ती मिळाली नाहीत, तर काम कोठून सुरू करावयाचे, हे तरी निश्चित कळेल.