हिशेबाचा प्रोग्राम संगणकांत कोठें बसवावा?

परभणी, जिंतूर वा गंगाखेडकडील ज्या सोसायटीच्या कचेरींत सचिव व कारकून एकाच संगणकावर आपापल्या नांवानें लॉगिन करितात, तेथें हिशेबाचा जुना प्रोग्राम बसवितांना जागेचा विचार अवश्य करावा. २००७ सालच्या विंडोज व्हिस्टापासून 'प्रोग्राम फाइल्स' हें फोल्डर तहसिलीच्या दप्तरखान्यासारखें झालें आहे: वाचण्यास मुभा, लिहिण्यास मात्र वरिष्ठाची परवानगी. कित्येक जुने प्रोग्राम आपली खातेवही स्वतःशेजारींच ठेवितात. अशा वेळीं विंडोज पुष्कळदां नकार न देतां ती नोंद लिहिणाराच्या खाजगी 'व्हर्च्युअलस्टोअर' कप्प्यांत गुपचूप वळवितें. मग सचिवानें मांडलेला पीककर्जाचा भरणा कारकुनास दिसत नाहीं, आणि पैसे भरलेल्या शेतकऱ्यास थकबाकीची नोटीस जाते!

यास्तव असा प्रोग्राम 'सी' ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करून त्यांत बसवावा; तेथें सामान्यतः दोघांसही लिहितां येतें. खातेवहीची जागा निराळी निवडतां येत असेल, तर प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्येंच राहूं द्यावा व वही तेवढी दोघांस खुल्या फोल्डरांत ठेवावी. हें अधिक चांगलें. प्रोग्रामच्या फायलींत मग कोणास सहज ढवळाढवळ करितां येत नाहीं. दरवेळीं 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालविण्याची युक्ति कोणी सुचवितात, ती आम्हांस मान्य नाहीं.

पूर्वींचा प्रोग्राम हलविण्याआधीं दोघांच्याही 'व्हर्च्युअलस्टोअर'मधील वह्यांची नक्कल काढून त्या पावतीपुस्तकाशीं ताडून पाहाव्या.