अणूचा किरण आणि तीन पात्यांची खूण

मंडळी, साठवलेल्या कांद्याला कोंब फुटतो, कांदा मऊ पडतो, माल वाया जातो. हे टाळण्यासाठी नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ साली एक केंद्र सुरू झाले. तेथे कांद्याला किरण देतात. मग कोंब फुटत नाही. हा किरण येतो कुठून? ते आपण पाहू.

माती, पाणी, लोखंड, आपले अंग, सारे अणूंचे बनले आहे. अणू डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या मधोमध केंद्र असते. केंद्रात प्रोटॉन व न्यूट्रॉन हे कण दाटून बसलेले असतात. भोवती इलेक्ट्रॉन असतात. अणू मोठ्या शेताएवढा मानला, तर केंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे भरेल!

कोबाल्ट नावाचा धातू आहे. त्याच्या केंद्रात २७ प्रोटॉन व ३२ न्यूट्रॉन असतात. अणुभट्टीत आणखी एक न्यूट्रॉन आत शिरतो. मग केंद्राला चैन पडत नाही. ते जादा शक्ती किरणांच्या रूपाने बाहेर टाकू लागते. सुमारे सव्वापाच वर्षांनी हा जोर निम्मा होतो.

असा कांदा खावा का? खुशाल खावा. कंदिलाचा उजेड भिंतीवर पडला, म्हणून भिंत काही उजेड देत नाही. कांद्याचेही तसेच.

पण हाच किरण माणसाच्या अंगात जास्त गेला, तर घात होतो. काठीच्या होळीची आग दिसते, धग लागते, म्हणून आपण मागे सरतो. हा किरण दिसत नाही. त्याला वासही नाही. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात एक जुने यंत्र आले. त्यात असा कोबाल्ट होता. कामगारांनी ते न कळता तोडले. अनेक जण आजारी पडले. एक दगावला.

म्हणून आम्ही सांगतो, ही खूण ओळखा. पिवळ्या पाटीवर मधोमध काळा ठिपका, भोवती पंख्यासारखी तीन काळी पाती. कामासाठी बाहेरगावी गेलात आणि भंगारात ही खूण दिसली, तर वस्तूला हात लावू नका, फोडू नका. लांब व्हा. दुसऱ्यांनाही लांब ठेवा. पोलिसांना कळवा.

दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीच्या दारावरही ही खूण असते. तेथे भिऊ नका. डॉक्टर थोडाच किरण वापरतात. मात्र बाई गरोदर असेल, तर तिने आधी सांगावे.

घरी मुलांना ही खूण काढून दाखवा. पाहिलेली खूण विसरत नाही.

प्रश्न
१. अणूच्या केंद्रात कोणते कण असतात?
२. भंगारात तीन पात्यांची खूण दिसली, तर तुम्ही काय कराल?