न्यायमूर्ती रानडे यांचा मराठ्यांचा इतिहास आणि संतवाङ्मयाची साक्ष

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा 'राईझ ऑफ द मराठा पॉवर' हा इंग्रजी ग्रंथ १९०० साली मुंबईत प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ सामान्यतः इतिहासाच्या अभ्यासकांचा मानला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख झालाच तर तो रानडे यांच्या चरित्राच्या ओघात होतो. वस्तुतः मराठी लोकसमूहाच्या घडणीचा पुरावा म्हणून मराठी वाङ्मयाला एवढे महत्त्वाचे स्थान देणारा हा पहिला मोठा इतिहासग्रंथ होय. रानडे यांनी वाङ्मयाची ही साक्ष कशी घेतली आणि ती कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. पूर्वपीठिका

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. १८७८ साली न्यायखात्याच्या नोकरीत त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लोकहितवादींच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरविले. ग्रंथव्यवहार हा समाजाच्या प्रकृतीचा निदर्शक आहे, ही त्यांची धारणा इतिहासग्रंथाच्या पुष्कळ आधीची आहे, हे यावरून ध्यानात येते.

त्यांच्यापुढे पूर्वसूरी म्हणून जेम्स ग्रँट डफ याचा १८२६ सालचा तीन खंडांचा इतिहास होता. साताऱ्यास राजकीय अधिकारी असलेल्या डफने अस्सल कागदपत्रे पाहिली होती. त्यामुळे घटनांच्या तपशिलात त्याचा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. मात्र मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतील वाळलेल्या गवताने अकस्मात पेट घ्यावा तसा दिसला. वणव्याला कारण लागत नाही, ठिणगी पुरते. रानडे यांचा आक्षेप नेमका या उपमेवर आहे. त्यांनी आपल्या प्रकरणांची नावे भूमीची मशागत, बीजारोपण, बीजाची वाढ, मोहर आणि फळ अशा क्रमाने योजली. वणव्याच्या जागी वृक्ष आला आणि त्याबरोबर इतिहासाचा प्रश्नही बदलला. राज्य कोणी स्थापिले, या प्रश्नाच्या जोडीला राज्य स्थापू शकणारा समाज कसा तयार झाला, हा प्रश्न उभा राहिला.

२. संतांविषयीचे प्रकरण

या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात आहे. तेथे रानडे महाराष्ट्रातील संतपरंपरेची तुलना युरोपातील सोळाव्या शतकाच्या धर्मसुधारणेशी करतात. ब्राह्मणांबरोबर कुणबी, शिंपी, माळी, कुंभार, सोनार, महार, तसेच स्त्रिया आणि काही मुसलमान संतही ते या परंपरेत मोजतात. देशभाषेला आलेली प्रतिष्ठा, जातिभेदाची सौम्य झालेली धार, स्त्रीच्या स्थानात झालेली उन्नती आणि कर्मकांडाहून भक्तीला मिळालेले श्रेष्ठत्व ही या चळवळीची फळे होत, आणि त्यांतूनच लोकांच्या ठिकाणी एकत्र विचार व कृती करण्याचे सामर्थ्य आले, असा त्यांच्या विवेचनाचा सारांश आहे.

हा विचार त्या काळी एकाकी नव्हता. मिखाइलो ह्रुशेव्स्की याच्या युक्रेनच्या इतिहासाचा पहिला खंड १८९८ साली निघाला. दहा खंडांच्या त्या ग्रंथाचा नायकही राजघराणे किंवा राज्य नसून लोक हाच आहे. रशियन व ऑस्ट्रियन साम्राज्यांत विभागलेल्या लोकांचे सातत्य दाखविण्यासाठी राज्यसत्तेचा धागा त्याला अपुरा वाटला. पुढे त्याने युक्रेनियन वाङ्मयाचाही बहुखंडी इतिहास लिहिला. परसत्तेखालील समाजाचा इतिहासकार भाषा आणि वाङ्मय यांकडे का वळतो, हे या दोन उदाहरणांवरून समजते. राज्य गेले तरी भाषा उरते.

३. आक्षेप

ह्रुशेव्स्कीचा पहिला खंड निघाला त्याच १८९८ साली वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंडही निघाला. राजवाडे यांना संतांची शिकवण निवृत्तिपर वाटली. सहिष्णू हिंदुधर्म आणि जयिष्णू महाराष्ट्रधर्म असा भेद करून त्यांनी रामदासांना वेगळे स्थान दिले. येथे दोन इतिहासकार एकाच वाङ्मयातून परस्परविरुद्ध निष्कर्ष काढताना दिसतात. त्यामुळे वाङ्मयाची साक्ष स्वयंसिद्ध नसते, हे मान्य करणे भाग पडते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. सुमारे पावणेचारशे वर्षांच्या या अंतरात कारण आणि कार्य यांची साखळी दाखवावी लागते. केवळ पूर्वापर क्रमाने ती सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप वाङ्मयाच्या अभ्यासकाला सर्वांत निकटचा आहे. संतचरित्रांसाठी रानडे यांचा मुख्य आधार महिपती हा आहे. त्याचा 'भक्तविजय' १७६२ चा, म्हणजे पानिपतानंतरचा. निरनिराळ्या शतकांतील, जातींतील व पंथांतील भक्तांना एका कथासूत्रात ओवून त्यांची एक मंडळी कल्पिणे, हे महिपतीच्या रचनेचे वैशिष्ट्य आहे. रानडे यांना जी एकात्म चळवळ दिसली, तिचा आकार काही अंशी तरी अठराव्या शतकातील या चरित्रकाराने दिलेला आहे. चोखामेळ्याच्या अभंगांतील वेदना चरित्रकथेत चमत्कारात विरते. चरित्रावर विसंबणाऱ्या इतिहासात मग जातिभेद सौम्य झाल्याचे विधान अधिक सहजपणे येते. जोतीराव फुले यांनी १८६९ च्या पवाड्यात शिवाजीमहाराजांना कुळवाड्यांचा राजा म्हणून पाहिले होते. 'लोक' या शब्दात अंतर्गत संघर्षही सामावलेला असतो, हे तेथे स्पष्ट होते. रानडे यांच्या मांडणीत तो मंदावतो.

४. समारोप

हे आक्षेप मान्य करूनही रानडे यांच्या ग्रंथाचे महत्त्व उणे होत नाही. गं. बा. सरदार यांनी १९५० साली 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' लिहिली, तेव्हा विवेचनाचा प्रश्न रानडे यांनीच घालून दिलेला होता. उत्तर तपासून घ्यावे लागले तरी प्रश्न टिकला. संतवाङ्मय शिकविताना हा ग्रंथ महिपती, राजवाडे आणि फुले यांच्या सोबतीने वाचला जावा. तसे झाले तर चरित्र, अभंग आणि इतिहास या तिन्ही साधनांची साक्ष वेगवेगळी तपासण्याची सवय विद्यार्थ्याला लागेल. लोकांचा इतिहास लिहिताना 'लोक' कोण, हे इतिहासकार आपल्या साधनांच्या निवडीतूनच ठरवीत असतो. ती निवड उलगडून दाखविणे हे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे काम आहे.